उसिक १९७१ साली असता तर?

ए-१०३: युक्रेनचा हेवीवेट (सर्वांत वजनदार गटातला) बॉक्सर उसिक, त्याने ब्रिटनच्या टायसन फ्युरीला दोनदा हरवलं. तो सत्तरच्या दशकात असता तर मोहम्मद अली, जो फ्रेझर, जॉर्ज फोरमन या तेव्हाच्या दिग्गज बॉक्सरांना, सगळ्यांना पुरून उरला असता असं माझं ठाम मत आहे. आजचे हेवीवेट इतके धिप्पाड आहेत की जुन्यांचा त्यांच्यापुढे निभावच लागणार नाही.

बी-५०२: बाळा, धिप्पाडपणाचं आधी बाजूला ठेव. १९१९ मध्ये अमेरिकेत टोलीडोला तेव्हाचा विश्वविजेता जेस विलार्ड १११ किलोचा, साडेसहा फुटांहून उंच. समोर आव्हानवीर जॅक डेम्प्सी जेमतेम ८५ किलोचा. पहिल्याच फेरीत विलार्ड सात वेळा खाली पडला!

ए-१०३: काका, विलार्डची आणि फ्युरीची तुलना नका करू. फ्युरी सहा फूट नऊ इंच असून कमरेतून वाकतो, पाय हलवतो. विलार्ड नुसता उभा होता.

बी-५०२: ते अगदी मान्य. पण तू विचारलंस उसिकचं. त्याची उंची सहा फूट तीन इंच, अलीइतकीच. २०२१ मध्ये ब्रिटनच्या अँथनी जोशुआला हरवताना वजन १०० किलो. १९७१ च्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या लढतीत अली साडेसत्त्याण्णव, फ्रेझर ९३. म्हणजे आकाराने तो त्यांच्यातलाच.

सी-३०४: मग त्यांच्यापेक्षा त्याच्याकडे जास्त काय?

बी-५०२: ताई, डावखुरेपणा. याकडे लोक फार कमी लक्ष देतात. हेवीवेटचा पहिला डावखुरा विश्वविजेता मायकल मूरर, तोही थेट १९९४ मध्ये. म्हणजे त्या काळातल्या दिग्गजांना चांगल्या डावखुऱ्याची सवयच नव्हती. १९६६ मध्ये फ्रँकफर्टला अलीसमोर जर्मनीचा कार्ल मिल्डेनबर्गर आला. तो काही थोर बॉक्सर नव्हता, पण डावखुरा होता आणि ऐन भरातल्या अलीला त्याला संपवायला बाराव्या फेरीपर्यंत जावं लागलं. उजव्या आणि डावखुऱ्या बॉक्सरचे पुढचे पाय एकमेकांत येतात, पुढचे हात एकमेकांना अडतात, जॅबचा (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाचा) नेहमीचा रस्ता बंद होतो. आता मिल्डेनबर्गरच्या जागी उसिक ठेवा! फ्रेझरचा तो प्रसिद्ध डावा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसासुद्धा उसिकच्या पुढे काढलेल्या उजव्या खांद्यावर आणि हातावर बराचसा अडला असता असं मला वाटतं.

ए-१०३: बघा, तुम्हीच माझ्या बाजूने बोलताय 😊

डी-२०१: आणि फेऱ्या? तेव्हा १५ होत्या, आता १२.

बी-५०२: १५ फेऱ्या उसिकच्या फायद्याच्या. जोशुआविरुद्ध शेवटची फेरी आठवा, फ्युरीविरुद्धची नववी आठवा. समोरचा दमतो तेव्हा हा रंगात येतो. त्या तीन जादा फेऱ्यांनी काय होतं ते बिली कॉनला विचारा. १९४१ मध्ये बाराव्या फेरीअखेर तो विश्वविजेत्या जो लुईच्या पुढे होता. आजच्या नियमाने कॉन विश्वविजेता झाला असता. तेराव्या फेरीत लुईने त्याला झोपवलं. १९८२ मध्ये कोरियाचा बॉक्सर किम डुक-कू लढतीनंतर दगावला, मग फेऱ्या १२ वर आल्या. आणि ते योग्यच झालं.

सी-३०४: पण शरीर किती टिकलं असतं? अलीने १९६६ या एका वर्षात पाच वेळा किताब राखला. उसिक २०२१, २०२२, २०२३ मध्ये वर्षाला एकेकदाच रिंगणात उतरला. अशी विश्रांती त्याला तेव्हा मिळाली नसती.

ए-१०३: ताई, हा मुद्दा मात्र खरंच जड आहे.

डी-२०१: फोरमन राहिलाच. १९७३ मध्ये जमैकात किंग्स्टनला त्याने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं.

बी-५०२: पहिल्या चार फेऱ्या फोरमनच्या. त्या निभावल्या तर उसिक. निभावेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

सी-३०४: सगळे एक गोष्ट विसरताय. उसिक क्रिमियातल्या सिम्फेरोपोलचा. तेव्हा तो सोव्हिएत खेळाडू असता आणि त्यांना व्यावसायिक बॉक्सिंगला परवानगीच नव्हती. सोव्हिएत बॉक्सर इगोर विसोत्स्कीचं उदाहरण घ्या. क्युबाचा नामवंत हौशी बॉक्सर तिओफिलो स्टीव्हनसन याला त्याने दोनदा हरवलं, पण अली-फ्रेझरसमोर कधी उभा राहू शकला नाही. उसिकचंही तेच झालं असतं. त्याची लढत अलीशी नव्हे, स्टीव्हनसनशी झाली असती.

ए-१०३: अरे वा! उसिक विरुद्ध स्टीव्हनसन! काका, बोला!

बी-५०२: ताई, फार चांगली आठवण केलीत. पण हौशी बॉक्सिंगमध्ये फेऱ्या तीनच. उसिकचं इंजिन तापेपर्यंत सामना संपलेला. १५ फेऱ्या असत्या तर डोळे झाकून उसिक म्हटलं असतं. तीन फेऱ्यांत, स्टीव्हनसनचा तो सरळ उजवा पंच समोर असताना, माझं मत स्टीव्हनसनला.