साधना कट, बॉबी प्रिंट, जान्हवीचं मंगळसूत्र... तुमच्या गावात काय काय येऊन गेलं?

आबोली_वळेसर
माळ्यावरची ट्रंक उतरवली काल, तर आईचा पोलका डॉटचा ब्लाउज निघाला. 'बॉबी' १९७३ चा. आई म्हणते, पुढच्या मे महिन्यात मुंबईची मावशी त्या प्रिंटमध्ये आली आणि गणपतीपर्यंत आळीतल्या सगळ्या मुली ठिपक्याठिपक्यांच्या. आमच्या शिंपीकाकांनी सिनेमा बघितलेलाच नव्हता. "गाठ वर की खाली?" एवढंच विचारायचे. आजीने गाठ उसवून हुक लावून घेतले, म्हणजे डिंपलचं जे काय होतं तेच गेलं!
लिहा तुमच्याकडचं. नट-नट्या, क्रिकेटवाले, कोणीही चालेल.

खळ्यातली_चटई
आत्याचा साधना कट! 'लव्ह इन सिमला' १९६० चा ना? साधनाचं कपाळ मोठं दिसायचं म्हणून ऑड्री हेपबर्नसारखी झुलपं कापली होती. आत्याचं कपाळ मुळात दोन बोटांचं. तरी कापली. चुलीपुढे वाकून फुंकणी फुंकताना पुढची झुलपं भुरकन करपली, घरभर वास. आजोबा ओटीवरून, "कोणाची शेपटी जळली गो?" मग उरलेली खोबरेल तेलाने चप्प बसवून शाळेत.

पटियाला_क्वीन
'जब वी मेट'नंतर कॉलेजला टी-शर्ट आणि पटियाला सोडून काही घातलंच नाही. जुलैत गुडघ्यापर्यंत चिखल. करिनाला म्हणावं, पावसात लांज्याच्या स्टँडवर ये आणि तो घोळ सावरत एसटीत चढून दाखव. भाजी लागतेय, नंतर येते.

दर्यासारंग
'तेरे नाम' इलो त्या वर्सा (२००३) आमच्या वाडीत तीन-चार राधे फिरत होते. मधी भांग, झिपऱ्यो डोळ्यांर. त्यातलो एक रापणीक गेलो. दोर वडताना केस तोंडात, डोळ्यांत खारा पाणी, पाठचो वराडता "वड रे वड" आणि ह्येका कायच दिसना नाय. सांजच्याक आयशीन पडवीत बसवन कात्री लावली. पिक्चरात राधेचा टक्कल मागसून होता, ह्येचा पयल्याच हप्त्यात 😂

खळ्यातली_चटई
@दर्यासारंग रापण खंयची? तळाशील?

दर्यासारंग
होय. सध्या बांगडो बरो गावता.

मधलीआळी
'मैंने प्यार किया'ची टोपी कोणीच कशी नाही लिहिली? मला जत्रेत मिळाली त्या टोपीवर फ्रेंडमधला एन छापायचाच राहिला होता. झालं फ्राइड. दहावीपर्यंत वर्गात सगळे मला 'सुरमई' म्हणायचे.

पटियाला_क्वीन
सुरमई 🤣🤣 भाजी जळलीच शेवटी.

वाटी_मणी
आमचं सोन्याचांदीचं दुकान आहे, चिपळूणजवळ. 'होणार सून मी ह्या घरची' २०१३ मध्ये सुरू झाली आणि बायका डिझाइन सांगायच्याच बंद झाल्या. "जान्हवीचं द्या." बस. सोन्यात नाही परवडलं तर एक ग्रॅममध्ये. नवरे बाहेर बाकावर मोबाइल बघत. काही जणी सासूबाईंनी दिलेलं जुनं मोडायला काढायच्या. बाबा सांगायचे, वाट्या मोडू नका, ह्याच वाट्या त्या पद्धतीने ओवून देतो. त्यात आमची मजुरी सोडून काही सुटायचं नाही. पण मालिका संपल्यावर त्यातल्याच दोघीतिघी पुन्हा जुन्यासारखं ओवून घ्यायला आल्या, तेव्हा वाट्या शाबूत होत्या.

आबोली_वळेसर
@वाटी_मणी बाबांना नमस्कार सांगा _/\_

घाटावरून_खाली
माझं माहेर कोल्हापूर, सासर कुडाळ. 'रात्रीस खेळ चाले'चा दुसरा भाग लागला आणि माहेरहून बहिणींचे फोन, शेवंतासारखी साडी तिकडे मिळते का? शूटिंग आकेरीचं, म्हणजे ह्यांना वाटलं इथे दुकानं भरली असणार! सासूबाईंनी कपाट उघडून तशाच चार साड्या पलंगावर टाकल्या. म्हणाल्या, "ह्यो मी तीस वर्सां नेसतंय, तेवा कोण इचारूक इला नाय." एक साडी बहिणीने नेली. अजून परत आलेली नाही, सासूबाई दर गणपतीत आठवण काढतात.

बाबल्या
आमच्या बापाशीचो राजेश खन्नाचो गुरु कुर्तो अजून आसा. लावणेक घालता.

मधलीआळी
बाबल्या, फोटो!!

पटियाला_क्वीन
@वाटी_मणी विषय निघालाच आहे तर, एक ग्रॅमवाल्याचं पॉलिश आपल्याकडे इतक्या लवकर का उतरतं हो? पुण्याच्या नणंदेचं अजून चकचकीत.

वाटी_मणी
घाम आणि खारी हवा, ताई. आंघोळीला काढायचं, सुक्या कापडाने पुसून डबीत ठेवायचं. अत्तर मारल्यावर लगेच घालू नका.