मदत हवी आहे : भोगावतीवरच्या जुन्या पुलाच्या जागी नवा पूल होतोय, भरावाऐवजी गाळे (खांबांमधून पाणी जायची मोकळी जागा) मागायचे तर कशाच्या आधारावर?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूर जिल्ह्यात भोगावतीच्या काठावर आमचं गाव आहे. राज्यमार्गावरच्या जुन्या पुलाला पर्याय म्हणून नवा पूल होणार, ही चर्चा लहानपणापासून ऐकत आले. आता मात्र मोजणी झाली आहे, पात्रात बोअर मारून झाले आहेत आणि पुढच्या ग्रामसभेत साहेब लोक येऊन आराखडा समजावून सांगणार आहेत. मी ग्रामपंचायत सदस्य आहे. शिक्षण बी.कॉम., पुलांचं गणित मला येत नाही. पण गावाच्या वतीनं बोलायचं माझ्यावर आलं आहे आणि मला तिथं नुसता आरडाओरडा करायचा नाही. म्हणून इथल्या जाणकारांना विचारतेय.

आधी पूल कसा आहे ते सांगते. दगडी खांब, वर काँक्रीटचा स्लॅब, रुंदी एका वाहनापुरती. ऊसतोडीच्या हंगामात डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर पुलावर आला की पलीकडं एसटी, दुधाची गाडी, शाळेची पोरं सगळे थांबतात. पुलाची उंची कमी आहे. नदी पात्राबाहेर पडली की आधी पलीकडच्या मळीतला, म्हणजे नदीकाठच्या शेतजमिनीतला, रस्ता बुडतो, मग पूल. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी एक उघडला की १४२८ क्युसेक पाणी येतं, हे आमच्याकडं शाळकरी पोरगंही सांगेल. सगळे उघडले की ते दहा हजारांच्या घरात जातं, आणि धरणाच्या खालच्या पाणलोटातलं पाणी वेगळंच. २०१९ आणि २०२१ ला तालुक्याचा रस्ता तुटला तेव्हा डायलिसिसचा एक पेशंट आम्ही बोटीतून पलीकडं नेला. बाळंतपणाची तारीख जुलै-ऑगस्टात असेल तर बाई आधीच शहरात पाहुण्यांकडं जाऊन राहते.

पावसाळ्याच्या तोंडावर खालच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढले की पाणी उतरतं आणि खांबांचे पाय उघडे पडतात. मधल्या दोन खांबांच्या दगडांमधला चुना धुऊन गेलाय, एकाच्या बुडाशी हात आत जाईल एवढी पोकळी आहे. दुसऱ्याच्या सांध्यात पिंपळ रुजलाय. महाडजवळचा सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि त्याबरोबर दोन एसट्या गेल्या. ती बातमी वाचल्यापासून रात्रीची शेवटची गाडी पुलावरून गेल्याचा आवाज ऐकल्याशिवाय माझ्या आईला झोप लागत नाही. तेव्हा नवा पूल हवाच, यावर गावात दुमत नाही.

वाद आहे तो भरावाचा. नवा पूल पुराच्या वर उचलायचा म्हणजे दोन्ही बाजूंचा रस्ताही उचलावा लागणार. गावाकडची बाजू चढाची आहे, तिथं प्रश्न नाही. पलीकडं मात्र खोलगट मळी आहे आणि मोठा पूर त्या मळीतून पसरून जातो. कानावर असं आलंय की पूल नदीच्या पात्रापुरताच होईल आणि मळीतला रस्ता मुरमाचा उंच भराव टाकून, बाजूंना दगड लावून नेतील. मधे दोन-तीन पाइपमोऱ्या. असं झालं तर मळीतून जाणारं पाणी अडणार आणि फुगवटा पुलाच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या गावठाणात येणार, अशी लोकांना भीती आहे. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग दोन्ही महापुरांत बंद पडला. तिथल्या भरावामुळं पाणी तुंबतं, भराव काढून रस्ता खांबांवर घ्या, ही मागणी त्या भागात किती दिवस चाललीय ते तुम्हाला माहीत आहे. एकदा भराव झाल्यावर तो काढा म्हणून भांडण्यापेक्षा आधीच बोललेलं बरं, असं माझं मत आहे.

पण गावात दुसरी बाजूही आहे आणि ती खोटी नाही. काहीजण म्हणतात, "तुम्ही गाळे मागत बसाल, अंदाजपत्रक फुगेल, फाइल परत जाईल आणि आपल्याला अजून दहा वर्षं याच पुलावरून जावं लागेल." हे ऐकलं की माझी झोप उडते.

तर मला हे समजून घ्यायचंय. भरावानं पाणी किती फुगेल हे आधी काढता येतं का, आणि तो आकडा आपण मागू शकतो का? पुलाची उंची कशावर ठरते? नवा पूल जुन्याच जागी बांधला तर काम चालू असताना आम्ही जायचं कुठून? बंधाऱ्यावरून मोटारसायकल जाते, उसाची गाडी नाही. वरच्या अंगाला शेजारी बांधला तर चार-पाच जणांची मळी जाते, आणि ती माणसं माझ्याच भावकीतली आहेत. आणि नवा झाल्यावर जुन्याचं काय करायचं? काही म्हातारी माणसं म्हणतात, चालायला राहू दे.

कुणी या कामात असेल तर कृपया सविस्तर लिहा. ग्रामसभेत मी तुमचं लिहिलेलं वाचून दाखवीन.

प्रतिसाद (बांधकाम खात्यातून निवृत्त, सातारा)

ताई, प्रश्न अगदी योग्य वेळी विचारलात. निविदा निघाल्यावर यातलं काही बदलणं फार अवघड असतं.

पहिली गोष्ट, 'आराखडा दाखवा' एवढंच म्हणू नका. 'जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग', आम्ही त्याला जीएडी म्हणतो, आणि त्यासोबतचा जलशास्त्रीय हिशेब मागा. जीएडीवर पुराची कमाल पातळी म्हणजे एचएफएल, विसर्ग, गाळ्यांची संख्या व लांबी, पायाची खोली, सगळं एका कागदावर असतं. त्यात तुम्ही सगळ्यात आधी एचएफएल बघा. तो २०१९ आणि २०२१ च्या खुणांशी जुळतो का? गावात देवळाच्या भिंतीवर, घरांवर पुराच्या खुणा असतील. ग्रामसेवकांना घेऊन त्यांचे फोटो काढा आणि मोजणीवाल्यांकडून लेव्हल घेऊन त्या नोंदवून घ्या. कागदावरचा एचएफएल एक मीटरनं कमी धरला असेल तर पुढचं सगळं गणित चुकतं. नदीकाठच्या माणसाची साक्ष इथं अभियंत्यालाही लागते.

विसर्गासाठी आपल्याकडं इंग्लिस साहेबांचं सूत्र जुन्या मुंबई इलाख्यापासून वापरतात. पाणलोट क्षेत्राला १२४ नं गुणायचं आणि क्षेत्र अधिक १०.४ च्या वर्गमुळानं भागायचं. उदाहरणासाठी ५०० चौरस किलोमीटर धरा, विसर्ग सेकंदाला २७४४ घनमीटर येतो. तुमच्या पुलापाशी क्षेत्र किती ते त्यांच्या हिशेबात असेलच. राधानगरीचे सातही दरवाजे मिळून २८३ घनमीटर होतात. म्हणजे नुसत्या धरणाच्या विसर्गावर पूल बेतला असेल तर तो हिशेब मान्य करू नका.

उंचीचं उत्तर सोपं आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या आयआरसी ५ या संहितेप्रमाणे पुराची पातळी आणि गर्डरचा, म्हणजे पुलाच्या आडव्या तुळईचा, तळ यांच्यात मोकळी जागा ठेवावी लागते. विसर्ग ३०० ते ३००० घनमीटर असेल तर किमान १.२ मीटर, त्याच्या वर १.५ मीटर. ही जागा वाहून येणारी झाडं, उसाचा पाला, जलपर्णी यांच्यासाठी असते. ती अडकली की पूल धरणासारखा वागायला लागतो.

आता भराव. फुगवट्याला आम्ही अफ्लक्स म्हणतो आणि तो नक्की काढता येतो. प्रत्येक मोठ्या पुलाच्या हिशेबात तो असायलाच हवा. तुम्ही लेखी मागणी अशी करा : मळीत पूर्ण भराव धरून अफ्लक्स किती आणि मळीच्या खोलगट भागात गाळे दिले तर किती, दोन्ही आकडे द्या. त्या पाण्यानं गावठाणातली कुठली घरं बुडतात ते नकाशावर दाखवा. "भराव नको" या वाक्याला खर्चाचं उत्तर मिळतं. या दोन आकड्यांना तसं उत्तर देता येत नाही. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा मधला मार्ग निघतो : जिथं मळी सगळ्यात खोल आहे आणि पूर जिथून वाहतो तिथं पूरगाळे द्यायचे, जमीन चढते तिथून भराव. पाइपमोऱ्यांवर समाधान मानू नका. त्या शेतातल्या पाण्यासाठी ठीक आहेत, महापुरासाठी नाहीत, आणि पहिल्याच पुरात पाल्यानं बुजतात.

एक सावधगिरी. कुणी लेसीचं सूत्र दाखवून सांगेल की विसर्गाच्या वर्गमुळाची ४.८ पट एवढीच रुंदी पुरते. ते सूत्र गाळाच्या नद्यांसाठी आहे. तुमच्याकडं तळाला काळा पाषाण आणि काठाला काळी माती. तिथं प्रत्यक्ष पुराची रुंदी बघावी लागते.

जागेबद्दल : शेजारी, वरच्या अंगाला बांधणं मला बरं वाटतं. जुना पूल कामाच्या काळात चालू राहतो. जुन्याच जागी बांधायचं तर पात्रात पाइप टाकून तात्पुरता वळणरस्ता करावा लागेल आणि तो जूनमध्ये वाहून जाईल. जमीन जाणाऱ्यांना मोबदला आधी मिळावा हे ठरावात घाला. भावकीशी तुम्ही स्वतः, त्यांच्या जमिनीची मोजणी व्हायच्या आधी बोला.

जुना पूल मात्र ठेवू नका. नव्याच्या इतक्या जवळ जुने खांब राहिले तर पाण्याचा मार्ग अडतो, भोवरे होतात आणि नव्या खांबांच्या बुडाशी माती जास्त खरवडली जाते. शिवाय बंद केलेल्या पुलावर माणसं जातातच. १५ जून २०२५ ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीखाली कोसळला. चालणाऱ्यांसाठी नव्या पुलावर दीड मीटरचा पदपथ मागा आणि जुना पाडायचा खर्च याच अंदाजपत्रकात धरायला लावा. नंतर त्यासाठी वेगळा निधी कुणी देत नाही.

प्रतिसाद (आंबेवाडी-चिखली भागातून)

काकांनी तांत्रिक सगळं सांगितलंय. मी दोन गोष्टी सांगतो. नदीकाठी पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे का ते आजच बघा. २०१० च्या कायदा दुरुस्तीनं अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि पुढच्या २०० मीटरवर परवानगी लागते. पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाला पर्यायी पूल अर्धवट उभा राहून वर्षानुवर्षं याच परवानगीत अडकला होता. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री जुन्या पुलाचा कठडा तोडून मिनीबस नदीत कोसळली, १३ माणसं गेली. पर्यायी पूल त्यानंतर झाला. आम्ही त्या पुलावरून रोज जायचो, म्हणून हे मनापासून सांगतोय.

दुसरं, कागद तोंडी मागू नका. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही आहे, तो काम सुरू झाल्यावर उपयोगी पडेल. जलसंपदाचे पूररेषेचे नकाशेही मागा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमची मळी आणि गावठाण कुठं येतं ते त्यावर दिसेल.

प्रतिसाद (बंधाऱ्याखालच्या गावातला शेतकरी)

ताई, बरग्यांचं कुणी बोललं नाही. पाया खोदायचा तर पाणी उतरवायला लागणार, म्हणजे ठेकेदार बरगे काढा म्हणणार. ते जानेवारीतच काढले तर वरच्या मोटरी कोरड्या पडतील आणि उसाची पाळी चुकेल. पाया एका वेळी निम्म्या पात्रात, मातीचा बांध घालून करता येतो. पण हे आधी ठरलं पाहिजे. पाणीवापर संस्थांना त्या बैठकीला बोलवा.

धागाकर्ती

काका, दादा, सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री ठरावाचा मसुदा लिहायला घेतला. एचएफएलची महापुराच्या खुणांशी पडताळणी, अफ्लक्सचे दोन आकडे, मळीच्या खोलगट भागात पूरगाळे, पदपथ, जुना पूल पाडण्याची तरतूद, जमिनीचा मोबदला आधी, आणि बरग्यांचं वेळापत्रक पाणीवापर संस्थांशी बोलून, एवढं त्यात आहे. देवळाच्या ओवरीत २०२१ च्या पाण्याची रेघ तेव्हाच्या पोरांनी ऑइलपेंटनं मारून ठेवलीय, तिची लेव्हल घ्यायला मोजणीवाले तयार झालेत. भावकीतल्या दोन घरांशी बोलले. एक तयार आहे. दुसऱ्या घरची मळी सगळीच जाते, त्यांचं म्हणणं पैशाऐवजी जमीन द्या. पुलाच्या कामात असं कुठं झालंय का? कुणाला आपल्या भागातलं माहीत असेल तर लवकर लिहा, ग्रामसभेआधी मला त्यांना काहीतरी खरं सांगायचंय.