इशारा तर आला होता, मग पुढं काय?

केळीवाला_रावेर: भाऊ हो, परवा संध्याकाळी वीस मिनिटं वारं सुटलं आणि कापणीवर आलेली बाग आडवी झाली, घडाच्या वजनाने खोडं कमरेतून मोडली. इशाऱ्याचा मेसेज दुपारीच मोबाईलवर आला होता पण त्याचं करायचं काय हे कोणालाच माहीत नाही. आजी पत्र्याच्या खोलीत एकटी, शेजारच्या पोरांनी तिला उचलून स्लॅबच्या घरात नेलं म्हणून वाचली. अमेरिकेत कॅटरिना चक्रीवादळ आलं तेव्हा एवढा पैसा असून सरकार कमी पडलं, ओडिशाला मात्र जमतं, असं का?

भुसावळकर: कॅटरिनात पण तुझ्या मेसेजसारखंच झालं. २९ ऑगस्ट २००५ ला वादळ धडकलं, न्यू ऑर्लिन्स सोडा हा सक्तीचा आदेश आदल्या दिवशी निघाला. गाडीवाले निघून गेले, ज्यांच्याकडे गाडी नाही ते, म्हातारे, आजारी मागेच राहिले आणि ज्या स्कूलबसमधून त्यांना नेता आलं असतं त्या नंतर पुराच्या पाण्यात उभ्या दिसल्या. पूरभिंती फुटून ८० टक्के शहर बुडालं. २००४ मध्येच अशा वादळाचा सराव झाला होता हो, काय होणार ते कागदावर होतं, राग येतो तो याचाच.

चोपडा_पाटील: ओडिशा पण ठेच लागूनच शिकलं. ऑक्टोबर १९९९ च्या सुपर सायक्लोनमध्ये १०,००० च्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी त्यांनी आपत्तीसाठी वेगळं प्राधिकरण काढलं, मग किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगावची पोरं तयार केली. २०१९ ला फनी चक्रीवादळ आलं तेव्हा १२ लाखांवर लोक आधीच हलवले होते, मृत्यू ६४. घरं, झाडं, लाईट गेलीच, पण माणसं राहिली. आपल्या जिल्ह्याचाही आपत्ती आराखडा असतो, पण तुमच्या गावात पत्र्याच्या घरात एकटं कोण राहतं, त्याला कोण उचलणार, ही यादी आहे का कोणाकडे? ग्रामसभेत हेच विचारा.

यावलचा_शेतकरी: ते सगळं बरोबर पण भाऊ आधी विम्याचं बघ, ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, परवा झालं म्हणजे आजच कर. आणि पंचनामा होईपर्यंत बाग साफ करू नको, आमच्याकडे एकाने घाईत खोडं तोडून बांधावर टाकली आणि मग दाखवायला काही उरलंच नाही. लोकेशनसकट फोटो काढ, तलाठी आणि कृषी सहाय्यक दोघांना लेखी अर्ज दे, पोच घे.

केळीवाला_रावेर: आत्ताच कळवलं, अर्ज लिहितोय. घड झाडालाच आहेत, तसेच ठेवतो. यादीचं शेजारच्या पोरांशी बोललो, आज रात्री बसतोय आमच्या ओट्यावर.