गाभण डुकरिणीच्या खाद्यात कोंडा: ऊर्जा किती धरायची?

प्रश्न: गाभण माद्यांच्या खाद्यात मका कमी करून ३० टक्के गव्हाचा कोंडा घातला. रोज २.२ किलो खाद्य. माद्या शांत झाल्या, पिंजऱ्याचे गज चावणं थांबलं, लेंड्याही मऊ. पण दोघींच्या कमरेचं हाड हाताला सहज लागतंय. खाद्याच्या तक्त्यातला ऊर्जेचा आकडा खोटा की माझा हिशोब चुकला?

उत्तर १: खाद्य तोलून देता की डब्याने? कोंडा हलका असतो. डबा तोच ठेवलात तर वजन कमी पडतं. माझी हीच चूक झाली होती, आणि महिनाभर मी दोष जंताला देत होतो!

उत्तर २: मक्यात किलोला साधारण ३३०० किलोकॅलरी चयापचयी ऊर्जा (जनावराच्या अंगाला प्रत्यक्ष वापरता येणारी), कोंड्यात २३०० च्या आसपास. म्हणजे तुमच्या २.२ किलोत रोज सुमारे ६६० किलोकॅलरींची तूट, जवळपास २०० ग्रॅम मक्याइतकी. पण तक्ते बहुधा वाढत्या डुकरांवरचे असतात. मोठ्या मादीचं मोठं आतडं प्रशस्त, खाणं हळू सरकतं, कोंड्यातला तंतू जास्त आंबून त्यातूनही ऊर्जा मिळते, त्यामुळे प्रत्यक्ष तूट थोडी कमी. आंबवण्यातली काही ऊर्जा मात्र उष्णतेत जाते.

उत्तर ३: तांदळाचा कोंडा घ्याल तर ताजाच. तेल खवट झालं की माद्या तोंड लावत नाहीत. बुरशीचा वास आला तर गाभणीला अजिबात नको.

प्रश्नकर्ता: तोलला. डब्यात १८०० ग्रॅमच निघाले.