देवाशी ‘वैयक्तिक संबंध’, सहभागिता, सख्य, सलगी : नेमका शब्द कोणता?

प्रश्नकर्ती
जय ख्रिस्त. आमच्या भगिनी मंडळासाठी मी बायबल अभ्यासाचे इंग्रजी धडे मराठीत आणते आहे. त्यांत एकच गोष्ट पुन्हापुन्हा येते : देवाला नुसतं मानू नका, त्याच्याशी स्वतःचं, जवळचं नातं जोडा. मराठी पत्रिकांत याला बहुतेक ठिकाणी ‘देवाशी वैयक्तिक संबंध प्रस्थापित करणे’ असं लिहिलेलं सापडतं. अर्थ चुकीचा नाही, पण ही भाषा परिपत्रकाची आहे. शिवाय ‘संबंध ठेवणे’ म्हटलं की वर्तमानपत्रातला अर्थ आधी डोक्यात येतो. मंडळातल्या निम्म्या बायका शेतावरून थेट सभेला येतात. प्रार्थनेत त्या देवाशी इतक्या मोकळेपणी बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यात ‘वैयक्तिक’ हा शब्द मी कधी ऐकलेला नाही. वाचताक्षणी कळेल आणि शास्त्रालाही धरून असेल असा शब्द हवा आहे. सहभागिता? सहवास? सख्य? जवळीक?

नगरकर
ताई, शास्त्राला धरून म्हणाल तर ‘सहभागिता’च. योहानाच्या पहिल्या पत्रात (१:३) पित्याबरोबर आणि पुत्राबरोबर असलेली ‘आमची सहभागिता’ हेच शब्द आहेत. उपासना संपताना पाळकसाहेब आशीर्वाद देतात त्यातही ‘पवित्र आत्म्याची सहभागिता’ असतेच. मूळ ग्रीक शब्द कोइनोनिया. त्याच कुळातला शब्द लूकने (५:१०) याकोब आणि योहान यांच्यासाठी वापरला आहे. ते मासेमारीत शिमोनाचे भागीदार होते. म्हणजे सहभागितेत ‘भाग’ खरोखरीचा आहे : एकाचं जे आहे त्यात दुसऱ्याचा वाटा.

अडचण मात्र सांगून ठेवतो. आपल्या मंडळ्यांत ‘शुक्रवारी सहभागितेला या’ असं म्हणतात, तेव्हा अर्थ असतो घरगुती सभा. मंडळीबाहेर तर सहभाग म्हणजे स्पर्धेत भाग घेणं. त्यामुळे देव आणि एकटा माणूस यांच्यामधल्या गोष्टीसाठी हा शब्द आता अपुरा वाटतो. तळटीप देऊन वापरा.

वसईची लेक
आमच्या कॅथलिक घरांत ‘सान्निध्य’ आणि ‘सहवास’ जास्त ऐकू येतात. आराधनेला बसणं म्हणजे प्रभूच्या सान्निध्यात बसणं. त्यात बोलावंच लागतं असं नाही, म्हणून मला तो शब्द आवडतो. गोव्यात कोकणीत ख्रिस्तशरीर स्वीकारण्याला ‘कुमगार’ म्हणतात. तो पोर्तुगीजांकडून आला आणि त्याचं मूळ ‘एकत्र भागी होणे’ याच अर्थाशी जातं. म्हणजे नगरकरदादांची सहभागिता आमच्याकडे वेदीवर आहे.

पण प्रश्न जवळकीचा आहे, म्हणून एक सांगते. आमच्या आजीची रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, ठरलेल्या शब्दांची असे, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. माळ डब्यात ठेवली की पुढची दोन-तीन मिनिटं मात्र तिची स्वतःची. “देवा, धाकट्याला अजून नोकरी नाही, तुला सांगितलं होतं ना मागे? मग?” ते ‘मग?’ विचारून ती खरोखर थांबायची. या बोलण्याला मी ‘सलगी’ म्हणेन. जवळीक हा शब्द हल्ली ‘साधली’ जाते म्हणून बिघडला आहे. सलगी आपोआप होते, आणि जिथे आपलं ऐकून घेतलं जाईल याची खात्री असते तिथेच होते.

नगरकर
सलगी हा आमच्याकडे थोडा धाडसाचा शब्द ठरेल. देवाशी सलगी? काही वडीलधारी मंडळी नाराज होतील.

वसईची लेक
होऊ देत. इब्री लोकांस पत्रात (४:१६) कृपेच्या राजासनाजवळ ‘धैर्याने’ जायला सांगितलं आहे. तिथला ग्रीक शब्द मनातलं सगळं न घाबरता बोलण्याचा आहे. आजीचं ‘मग?’ त्यातच बसतं.

जुनी पोथी
सलगीची परंपरा मराठीत जुनीच आहे, आणि ख्रिस्ती मराठीतही. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. त्याच्या पहिल्याच ओवीत विश्वभरित, सर्वसमर्थ अशी विशेषणं आहेत आणि त्यांच्या मधोमध ‘देवा बापा’ अशी हाक. पौल रोमकरांस पत्रात (८:१५) ‘अब्बा, बापा’ लिहितो. अब्बा हा अरामी, घरात वडिलांना मारायच्या हाकेचा शब्द. गेथशेमाने बागेत येशूने तीच हाक मारली (मार्क १४:३६). इंग्लंडहून आलेल्या त्या जेझुइट (येशूसंघाच्या) धर्मगुरूने मराठीत ओवी लिहिताना ‘पिता’वर न थांबता ‘बापा’ म्हटलं, याचं मला फार मोल वाटतं.

मराठीत देवाला ‘तू’ म्हणतात. साहेबांना आपण, सासऱ्यांना तुम्ही, आणि आईला नि देवाला तू. प्रभूच्या प्रार्थनेतही ‘तुझे राज्य येवो’. जे नातं समजवायला इंग्रजी धड्यांना परिच्छेद लागतो, त्यातलं अर्धं काम हे सर्वनाम करतं. ताई, तुमच्या धड्यांत चुकूनही ‘आपण कृपा करावी’ येऊ देऊ नका.

‘सख्य’बद्दल. नवविधा भक्तीतली ती आठवी. दासबोधात चौथ्या दशकात समर्थांनी सख्य समजावताना कसोटी दिली आहे ती अशी, की देवाला जे आवडतं तसं आपण वागावं, म्हणजे सख्य जडतं. आता योहान १५:१४ पाहा. मी सांगतो ते तुम्ही कराल तर तुम्ही माझे मित्र, असं येशू म्हणतो. लगेच पुढच्या वचनात तो शिष्यांना दास म्हणायचं थांबवतो, कारण धन्याचं मन दासाला कळत नसतं. दोन्हीकडे मैत्रीला आज्ञापालनाची अट आहे. फरक असा की योहानात मैत्रीचं पाऊल प्रभूने आधी उचललं आहे आणि मित्रांसाठी प्राण देण्याची गोष्टही तो तिथेच करतो (१५:१३). म्हणून शब्द ‘सख्य’ घ्या, पण ते आपण कमावतो असं वाचणाऱ्याला वाटू देऊ नका.

ना. वा. टिळकांनी हेच केलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी संतांची भाषा टाकून दिली नाही. ख्रिस्ताला माउली म्हटलं, गुरू म्हटलं, अभंग आणि भजनं रचली. ती आजही नगर भागातल्या मंडळ्यांत टाळ-मृदंगावर गातात. त्या भजनांत ‘वैयक्तिक संबंध’ नसूनही सगळा वैयक्तिक संबंधच आहे.

केडगावची
इथे पंडिता रमाबाईंचा दाखला हवाच. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. सगळं अभ्यासून, पटवून घेऊन. आणि पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी लिहिलं, की त्यानंतर आठ वर्षांनी माझ्या ध्यानात आलं : मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. संस्कृत कोळून प्यायलेली, धर्मशास्त्रावर मोठमोठ्या पाद्र्यांशी वाद घालणारी ही बाई. तिला माहिती कमी नव्हती. जे कमी होतं तेच या चर्चेत आपण शोधतो आहोत, आणि तिने त्यासाठी जडजंबाल नाम शोधलं नाही. ‘मिळाला’ एवढं पुरलं. नंतर साध्या बायकांना कळेल असं बायबल हवं म्हणून मूळ हिब्रू-ग्रीकवरून भाषांतराला बसली ती हीच बाई.

माझं मत, नामाचा हट्ट सोडा, क्रियापद घ्या : ‘प्रभूला ओळखणे’. योहान १७:३ मध्ये सार्वकालिक जीवनाची व्याख्याच ही आहे, की एकच खऱ्या देवाला आणि येशू ख्रिस्ताला ओळखावं. हिब्रूत ‘यादा’ म्हणजे ओळखणे. आदामाने हव्वेला ‘जाणले’ (उत्पत्ती ४:१) तिथेही तेच क्रियापद, इतकी ती ओळख जवळची. आणि आपल्या मराठीत तोंडओळख वेगळी, ओळख वेगळी, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

प्रश्नकर्ती
केडगावच्या ताई, हे फार कामाचं. पण ‘ओळखणे’ने शोध कळतो का? धड्यात भर असा आहे, की माणसाने त्या नात्यामागे लागावं, रोज वेळ द्यावा.

केडगावची
त्यासाठी ‘जवळ येणे’ आहे ना. याकोब ४:८ : देवाजवळ या, म्हणजे तो तुमच्याजवळ येईल. आणि रोजच्या वेळेसाठी मत्तय ६:६. खोलीत जा, दार लावून घे. आपल्या बायबलमध्ये तिथे ‘गुप्तवासी पिता’ असा शब्द आहे. मला त्याहून सुंदर शब्द या विषयावर माहीत नाही. एका खोलीच्या घरात राहणाऱ्या बाईला दार लावून घेणं कसं जमायचं, ते मात्र धड्यात लिहा. आमच्याकडे एक जण पहाटे चूल पेटवायच्या आधीची दहा मिनिटं ओटीवर बसते. तिचं दार तेच.

नगरकर
मग धड्याचं शीर्षक ‘प्रभूला ओळखणे’, आत ‘जवळ येणे’, आणि ‘सहभागिता’ वचनात येईल तिथेच?

प्रश्नकर्ती
हो. ‘सख्य’ योहान १५ च्या धड्यात घेते, पोथीदादांनी सांगितलेल्या इशाऱ्यासह. ‘सलगी’ला वडीलधाऱ्यांची हरकत येईल हे मान्य, तरी एका ठिकाणी ठेवणार आहे, प्रार्थनेच्या धड्यात. ‘वैयक्तिक तारणारा’ या शब्दाचं काय करायचं ते राहिलंच. तो काढला तर जुन्या सभासदांना चुकल्यासारखं होईल. ‘माझा तारणारा’ पुरेल का?

जुनी पोथी
पुरेल. थोमा ‘माझा प्रभू व माझा देव’ एवढंच म्हणाला होता (योहान २०:२८).