मन हलकं करायचं ॲप बनवतोय, त्यात स्ट्रीक ठेवू का काढू?

खिडकीची_सीट

नमस्कार मंडळी. मी परळला यूआय डिझायनर आहे, बदलापूरहून रोज ये-जा, त्यामुळे नावावर जाऊ नका, खिडकीची सीट वर्षातून दोनदा मिळते. मी आणि माझा मित्र (कोड तो लिहितो) शनिवार-रविवार एक ॲप करतोय. कल्पना एवढीच की डोकं भणभणलं की रील सरकवत बसण्यापेक्षा माणसाने पाच-दहा मिनिटं हाताने काहीतरी करावं. रंग भरणं आहे, दोन ओळी लिहिणं आहे, वारलीची माणसं आहेत, म्हणजे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की धड झालं आणि वर गोल डोकं, त्यामुळे शाळेत चित्रकलेत कायम काठावर पास झालेल्यालाही जमतं. आणि एक ठेका धरायचा खेळ आहे, तो सरळ सकाळच्या गाडीतल्या भजनी मंडळावरून उचललाय, पत्र्यावर थाप मारतात ना तसा.

ओळखीतल्या चौदा जणांना वापरायला दिलं. पहिला आठवडा धमाल, तिसऱ्या आठवड्यात तिघं उरले. मित्र म्हणतो स्ट्रीक टाक, सलग किती दिवस केलं त्याचा आकडा आणि बाजूला ज्वाळा, भाषा शिकायच्या ॲपमधे असते तशी, लोक त्या आकड्यासाठी परत येतात. मला खटकतंय पण का ते नीट सांगता येत नाही. दुसरं म्हणजे प्रत्येक ॲक्टिव्हिटीच्या आधी आणि नंतर पाच चेहरे दाखवून मूड विचारतोय, रडका ते हसरा, फरक पडला का ते कळावं म्हणून. मित्राला त्यात पीएचक्यू-९ (नैराश्य किती आहे ते बघायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) पण टाकायचंय. आणि प्ले स्टोअरवर लिहायला एक अभ्यास सापडलाय, २०१६ चा, अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाचा, ४५ मिनिटं चित्रं-माती वगैरे केल्यावर साधारण ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, खाली आलं. लिहू का "संशोधनाने सिद्ध"? बिनधास्त झोडपा.

कटिंग_स्पेशल

ऑफिसात टार्गेट, जिममधे टार्गेट, आता उदास होऊन चित्र काढायचं त्याचंही टार्गेट. काढ ती ज्वाळा.

अर्धवट_कोडर

स्ट्रीकचं तुम्ही ठरवा, मी प्रायव्हसीबद्दल बोलतो कारण त्यावर कोणी बोलतच नाही. मुंबईत किती जणांना स्वतःची खोली आहे? आमच्याकडे दहा बाय बारात चौघं, माझा फोन चार्जिंगला असला की आई वेळ बघायला उचलते, भाऊ ओटीपी बघायला उचलतो. त्या लॉक स्क्रीनवर "आज मन कसं आहे?" असं आलं की संपलंच, रात्री जेवताना चौकशी समिती बसली. नोटिफिकेशन ठेवायचंच तर "रंग वाळले" असलं काहीतरी निरुपद्रवी ठेवा, आणि ॲपच्या नावात मन, थेरपी, डिप्रेशन असले शब्द नकोत.

लॉगिन मागू नका, सगळं फोनमधेच ठेवा. फक्त एक, अँड्रॉइडचं ऑटो बॅकअप तुम्ही स्वतः बंद केलं नाही तर ॲपचा डेटा यूझरच्या गुगल ड्राइव्हवर जाऊ शकतो, आणि तुम्ही मात्र फोनबाहेर काही जात नाही म्हणून छातीठोक सांगत बसाल. रिसेंट ॲप्समधे, म्हणजे उघडलेली ॲप्स ओळीने दिसतात तिथे, लिहिलेलं पान बारीक दिसतं तेही लपवता येतं, पण मग यूझरला स्क्रीनशॉट काढता येत नाही, म्हणून लिहायच्या पानापुरतं लपवा, चित्रांना मोकळं सोडा. आणि अकरावी-बारावीची पोरं वापरणार असतील तर २०२३ च्या डेटा कायद्यात १८ च्या खालचा प्रत्येक जण मूलच, त्याचा डेटा घ्यायचा तर पालकांची पडताळलेली संमती लागते. टेन्शन आलं म्हणून ॲप उघडणारा सतरा वर्षांचा पोरगा आधी बाबांकडे परवानगी मागायला जाईल का? त्यापेक्षा डेटा घेऊच नका, कटकट मिटली.

निवांत_दुपार

मी समुपदेशनाचं काम करते, दादरला बसते. खिडकीची सीट, तू विचारलंस तरी, म्हणून सविस्तर लिहितेय. "संशोधनाने सिद्ध" अजिबात लिहू नकोस. त्या अभ्यासात ३९ माणसं होती, तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि त्यांच्या हातात खरी माती, खरे मार्कर, कोलाजचे कागद होते, सोबत आर्ट थेरपिस्ट होती. कुर्ल्याच्या गर्दीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने काचेवर रंग भरणं म्हणजे ते नव्हे. हां, त्यातलं एक तुझ्या कामाचं आहे, आधी चित्रं काढायची सवय असलेल्यांना आणि नसलेल्यांना मिळालेला फायदा साधारण सारखाच होता. काठावर पासवाल्यांना हे सांग.

आता चेहरे. १९८६ मधे पेनेबेकर आणि बील यांनी कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं मनातल्या सगळ्यात जड गोष्टीबद्दल लिहायला लावलं होतं. ज्यांनी मनापासून लिहिलं त्यांना लिहून झाल्या झाल्या जास्तच वाईट वाटत होतं, आणि पुढच्या काही महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्यातल्या त्यांच्याच फेऱ्या कमी होत्या. म्हणजे लिखाण संपताक्षणी तू चेहरा विचारलास की रडकाच येणार, त्या माणसाला वाटणार आपलं हेही फसलं, आणि तू आकडे बघून लिहायचा भागच काढून टाकशील. शिवाय पाच चेहऱ्यांत "कसंतरीच होतंय" कुठला? माझ्याकडे येणारे लोक मी उदास आहे असं म्हणतच नाहीत रे. कशात जीव लागत नाही, डोक्यात भुंगा आहे, छातीत धडधडतंय, नुसती चिडचिड होतेय, असं म्हणतात. तेच शब्द ठेव की.

पीएचक्यू-९ ला माझा सक्त विरोध. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करायच्या विचारांचा आहे. रात्री दोनला कोणी "जवळजवळ रोज" वर बोट ठेवलं तर तुम्हा दोघांपैकी जागं कोण असणार आहे? टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ मात्र प्रत्येक पानावर हवा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. मेनूच्या आतल्या मेनूत पुरून ठेवू नकोस.

ठिपके_११ते६

मला ॲपमधलं काही कळत नाही, मुलीने लिंक पाठवली म्हणून वाचलं. गिरगावात चाळीत राहते, दारात रोज रांगोळी काढते, जागा एवढीशी म्हणून चार बाय चार ठिपके, सणाला अकरा ते सहा. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या ती दोन वर्षं माझी त्या पंधरा मिनिटांवर निघाली, तेवढा वेळ कोणी हाक मारत नसे. त्या गेल्या तेव्हा सुतकात रांगोळी बंद, दहा दिवस. सगळ्यात जास्त गरज तेव्हाच होती आणि तेव्हाच उंबरा मोकळा. सुतक फिटल्यावर तुमच्या ॲपने मला सांगितलं असतं की तुमचे सातशे दिवस गेले, आता परत एकपासून सुरू करा, तर मी फोन गॅलरीतून खाली टाकला असता. परत काढली तेव्हा हात थरथरत होता, रेघ वाकडी आली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, आज दार बघून बरं वाटलं. त्यांनी काही मोजलं नव्हतं.

खिडकीची_सीट

ताई, सुतकाचं मला जन्मात सुचलं नसतं. ज्या दिवशी माणूस खरंच खचलेला असतो त्याच दिवशी त्याचा आकडा शून्यावर येणार, हेच ते खटकत होतं. स्ट्रीक काढली. मित्र फुगलाय, म्हणतो मग लोक परत कशाला येतील, आणि खरं सांगायचं तर त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाहीये, बहुतेक चौदातले तिघंच राहतील. चेहरे गेले, निवांत ताईंचे शब्द घेतले, आणि विचारायचं ते दुसऱ्या दिवशी, नको असेल तर पुढे ढकलता येईल असं. पीएचक्यू गेला, "संशोधनाने सिद्ध" पण गेलं. १४४१६ खाली अंगठा पोचतो तिथे ठेवलाय, फक्त गाडीत धक्का लागून भलताच फोन लागू नये म्हणून टॅप केल्यावर नंबर भरलेला डायलर उघडतो, हिरवं बटण माणसानेच दाबायचं. बॅकअप चालूच होतं, कोडरभाऊ, वाचलो.

ठिपकेताई, तुमच्यामुळे रांगोळीचं पान करायला घेतलंय. काढलेली रांगोळी रात्री बाराला आपोआप पुसली जाईल असं केलं तर?

ठिपके_११ते६

आपोआप नको. मी सकाळी ओलं फडकं घेऊन बसते तेव्हा काल कुठे चुकलं ते दिसतं, मग आज काय काढायचं ते सुचतं. बोटाने पुसू दे ज्याची त्याला. आणि एखादी ठेवावीशी वाटली तर राहू दे दोन दिवस, दिवाळीची आमच्याकडे राहतेच. फक्त सहा ते सात आठवण करू नका, तेव्हा नळाला पाणी असतं.