‘मास्टर ब्लेंडर’ला मराठीत काय म्हणावं?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी लेख मराठीत आणतोय. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सान्तियागो शहरात एका मास्टर ब्लेंडरसोबत (सिगारीत कुठलं पान किती घ्यायचं हे ठरवणारा माणूस) घालवलेली सिगार टेस्टिंगची संध्याकाळ, असा विषय आहे. अडलोय इथे: टेस्टिंग, ब्लेंडर, फर्मेंटेशन आणि ‘अर्थी’ (earthy) चव. संपादकांनी आधीच बजावलंय की ‘धूम्रवर्तिका’ छापाचं काही दिलं तर लेख परत येईल. सिगारला सरळ चिरूट म्हटलं तर चालेल का?

धुळ्याचे मास्तर

चिरूट नको. शब्द आपल्याकडे जुना आहे. तमिळमधल्या ‘सुरुट्टु’वरून आला, म्हणजे गुंडाळलेलं. इंग्रजांनीही तिथूनच उचलला. पण वस्तू वेगळी. चिरूट दोन्ही टोकांनी उघडा असतो, सिगारचं एक टोक पानाच्या टोपीने बंद असतं आणि ओढण्याआधी ते कापावं लागतं. आपल्या 2003 च्या तंबाखू कायद्याच्या अनुसूचीतही सिगारेट, सिगार, चिरूट, विडी या चार वेगळ्या नोंदी आहेत. सरकारला फरक कळतो, तर दिवाळी अंकालाही कळायला हरकत नाही.

जिनिंगवाला (जळगाव)

काय भो, दिवाळी अंकात सिगार! चांगलं शे.

ब्लेंडरला ‘पारखी’ म्हणायचा मोह होईल, तो आवरा. आमच्याकडे ग्रेडर येतो. कापसाचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढतो, धागा बोटावर ठेवून लांबी बघतो, ओल किती आणि कवडी (खराब, डागी कापूस) किती ते सांगतो. हा पारखी. पण सूतगिरणीत वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या प्रतीच्या गाठी फोडून किती-किती घ्यायच्या हे ठरवणारा माणूस निराळा असतो. यंदाचा कापूस गेल्या वर्षीसारखा नसला तरी सूत गेल्या वर्षीसारखंच निघालं पाहिजे, ही त्याची जबाबदारी. तुमचा ब्लेंडर हा दुसरा माणूस. पारख त्याला यावीच लागते, पण पगार त्याला मेळ बसवण्याचा मिळतो.

गिरणाकाठ

जिनिंगवाले भाऊ, अगदी हेच लेखात आहे. तो सांगतो की झाडाच्या बुडाचं पान सौम्य असतं आणि चटकन पेटतं. मधल्या पानाला सुगंध. शेंड्याच्या पानाला ऊन सगळ्यात जास्त लागतं, म्हणून ते जाड, कडक आणि सावकाश जळणारं. स्पॅनिशमध्ये व्होलादो, सेको, लिगेरो. लिगेरो कायम गाभ्यात ठेवायचं, नाहीतर सिगार एका बाजूने जळत जाते. कुठल्या शेतातलं, कितव्या थरातलं पान किती घ्यायचं, ही सगळी त्याची मांडणी. वळणारे कारागीर वेगळे.

वरणबट्टी (यावल)

बुडाचं, मधलं, शेंड्याचं हेच शब्द ठेवा, स्पॅनिश नावं एकदाच द्या. ‘वळणारे’ही झकास. विडी वळतात तशीच सिगारही वळतात, तिथे ‘रोल करणे’ कशाला? रॅपर-बाइंडर-फिलरलाही वरचं पान, बांधायचं पान, गाभा म्हणा. सिन्नरकडच्या विडी वळणाऱ्या बायकांना पहिल्या फटक्यात कळेल.

फर्मेंटेशनला काय म्हणणार? मला ‘अढी’ सुचतं. पानं रचून ठेवतात, आत ऊब धरते.

धुळ्याचे मास्तर

वहिनी, अढीत फळ पिकतं. इथे पान आधीच काढून, वाळवून झालेलं असतं. मग पानांच्या मोठाल्या थप्प्या लावतात. आतून त्या तापतात, फार तापल्या की फोडून उलट्या रचायच्या, आतलं बाहेर, बाहेरचं आत. यात अमोनिया निघून जातो, पानाचा उग्रपणा कमी होतो. ‘आंबवणे’ म्हटलं की वाचकाच्या तोंडात इडलीचं पीठ येतं. ‘मुरवणे’ घ्या. लोणचं मुरतं, तंबाखूही मुरते.

वरणबट्टी

‘मुरवणे’ मान्य. अढी मागे घेते.

तापीकाठ (भुसावळ)

तुम्ही सगळे नामांवर भांडताय, खरी गोची क्रियापदात आहे. आपण विडी ‘ओढतो’ किंवा ‘फुंकतो’. ओढणे म्हटलं की धूर छातीत गेलाच. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत. तोंडात घेतात, जिभेवर, गालांत घोळवतात आणि सोडतात. जाणकार त्यातला थोडा नाकावाटे सोडतात, कारण अर्धी चव नाकालाच कळते. मिनिटाला साधारण एकच झुरका, भराभर घेतला की सिगार तापते आणि चव कडू होते. पेटवण्याआधी नुसतीच हवा ओढून पानाची चव घेतात, त्याला मी ‘कोरा झुरका’ म्हणेन, कोऱ्या चहासारखा.

म्हणून ‘सिगार ओढण्याची संध्याकाळ’ लिहू नका, आमच्या स्टेशनबाहेरच्या टपरीचं चित्र उभं राहतं. ‘धूर घोळवणे’ हा नेमका शब्द आहे. आणि छातीत घेत नाहीत म्हणून बिनधोक, असंही सूचित होऊ देऊ नका. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही शोषलं जातं आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका तिथेच बसलेला असतो. लेखकाने हे गाळलं असेल तर संपादकांना सांगून एक ओळ घालाच.

जिनिंगवाला

‘अर्थी’ राहिलं की.

वरणबट्टी

‘मातकट’ लिहाल तर ब्लेंडर बिचारा लाजेल. मातकट ही आपल्याकडे तक्रार असते, नीट न धुतलेल्या पालेभाजीची. ‘ओल्या मातीचा वास’ असं सुटं लिहा. तसंच ‘स्मोकी’ला धुरकट नको, धुरकट म्हणजे चूल नीट पेटली नाही. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांवर, भाजलेल्या भरताच्या वांग्याला जो वास येतो तो आपल्याला आवडतो, पण त्याला आपण धुरकट म्हणत नाही, खमंग म्हणतो. ‘टोस्टी’ला खरपूस. मिरीच्या तिखटपणाला नुसतं ‘तिखट’ म्हणू नका, खानदेशात तिखट म्हटलं की नंदुरबारची मिरचीच डोळ्यांपुढे येते. ‘मिऱ्यांची चरचर’ लिहा. ‘स्ट्राँग’ला कडक, त्यात डोकं खाजवण्यासारखं काही नाही.

गिरणाकाठ

टेस्टिंगला ‘मैफल’ म्हणू का?

धुळ्याचे मास्तर

मैफलीत ऐकणाऱ्याने दाद द्यायची असते. अशा ठिकाणी बरेचदा आधी एकाच पानाच्या बारक्या सिगारी हातात देतात. हे बुडाचं, हे शेंड्याचं, फरक सांगा म्हणतात, मग मेळ बसवलेली देतात. पाहुण्यालाही जीभ कामाला लावावी लागते. ‘बैठक’ म्हणा.

गिरणाकाठ

मसुदा असा झालाय, बघा:

‘बैठकीला त्याने आधी तीन बारक्या सिगारी वाटल्या, एकेका पानाच्या. पेटवण्याआधी कोरा झुरका घ्यायला लावला. बुडाच्या पानाचा धूर तोंडात आला-गेला कळलंही नाही. मधल्याला खरपूस वास. शेंड्याच्याने जीभ चरचरली. मग त्याने तिन्हींचा मेळ बसवलेली सिगार पुढे केली.’

मास्टर ब्लेंडर पहिल्यांदा येईल तिथे ‘मेळ बसवणारा मुख्य कारागीर, म्हणजे मास्टर ब्लेंडर’ आणि पुढे नुसतं ब्लेंडर.

जिनिंगवाला

‘कारागीर’ काढा. कारागीर वळणारे आहेत, तुम्हीच वर लिहिलंय. ‘मेळ बसवणारा उस्ताद’ करा.

तापीकाठ

उस्ताद म्हटलं की मास्तरांनी घालवलेली मैफल मागच्या दाराने परत आली! पण जमतंय. राहू द्या.